नळीचं वाण

गॅस एजन्सीचा निळा कोट घालून कल्याणी दारात उभी राहिली, की कसबा पेठेतल्या बायकांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न उमटायचा, ही आता काय विकायला आली? तिच्या हातातली बॅटरी, साबणाच्या पाण्याची बाटली आणि तपासणीच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक बघूनही त्यात काही फरक पडत नसे. विश्रांतवाडीहून दोन बसगाड्या बदलून ती सकाळी नऊला पेठेत पोचायची आणि दुपारपर्यंत पंधरा-वीस दारांवरून हात हलवत परत फिरायची. ‘आत्ता वेळ नाही’, ‘मिस्टर घरी नाहीत’ आणि ‘मागेच तपासलंय’ ही तीन उत्तरं तिला पाठ झाली होती. चौथं उत्तर फक्त प्रेमलाकाकूंनी दिलं.

“आमची नळी या घरात बारा वर्षं आहे,” काकू दार अर्धंच उघडून म्हणाल्या होत्या. “तुमची एजन्सी किती वर्षं आहे?”

त्या अर्ध्या दारातून कल्याणीला जे दिसायचं ते दिसलं होतं. शेगडीमागून लोंबणारी काळी रबरी नळी वाळून भेगाळली होती आणि एका जागी तिला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली होती. चिंधी! जसं काही नळीचं बोट कापलं होतं. कल्याणी काही बोलणार तोच दार लागलं.

प्रेमलाकाकू तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वय बासष्ट, अंगानं काटक, बोलायला त्याहून. संक्रांतीच्या दिवसांत त्या हलव्याचे दागिने करून विकायच्या. नव्या सुनांची पहिली संक्रांत, बाळांची बोरन्हाणं, यांसाठी लागणारे हार, मुकुट, बाजूबंद पेठेत त्यांच्याकडूनच जायचे. हलव्यावर काटा यायचा तर परात मंद आचेवर ठेवून, पाक चमचा-चमचा घालत, दाणे बोटांनी तासन्‌तास फिरवत बसावं लागतं. म्हणजे डिसेंबरपासून रथसप्तमीपर्यंत ती शेगडी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेटलेली असायची, आणि तिच्यामागे ती चिंधी बांधलेली नळी.

हे कल्याणीच्या डोक्यातून जाईना, त्याला कारण होतं. आदल्या दिवाळीत शेजारच्याच गल्लीत एक स्वयंपाकघर पेटलं होतं. बाई वाचली, पण हात आणि मान भाजली. कल्याणी तिला ससूनमध्ये बघायला गेली आणि परत येऊन तिनं एजन्सीतलं चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं. त्या घराची चिठ्ठी होती. ‘नळी जीर्ण. सूचना दिली.’ खाली त्या बाईची सही आणि त्याखाली कल्याणीची. कागदोपत्री सगळं चोख होतं. त्या दिवसापासून ‘सूचना दिली’ या दोन शब्दांखाली सही करताना तिला स्वतःचीच लाज वाटायची.

एजन्सीचे मालक बद्रीनाथशेठ माणूस वाईट नव्हता. त्यांनी पत्रकं छापली. ती पेठेत लोणच्याच्या बरण्यांखाली छान बसली. मग मंडळाच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक ठेवलं. चार बायका आल्या, त्यातली एक चुकून आली होती.

“त्या तिसऱ्या मजल्याच्या बाईंचा सिलिंडर बंद करू का?” शेठनी विचारलं.

“मग त्या रॉकेलचा स्टोव्ह काढतील, शेठ. आणि ऐन हंगामात पोटावर पाय येईल तो वेगळा.”

शेठनी तो विचार सोडला.

मार्ग सापडला तो श्रद्धाच्या ओट्याशी. श्रद्धा त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायची. तिशीतली, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, कंपनीची गाडी सकाळी साडेसातला लक्ष्मी रोडच्या कोपऱ्यावर तिला घ्यायला यायची. कल्याणीला आत घेऊन खुर्ची देणाऱ्या मोजक्या घरांतलं ते एक. जानेवारीतल्या त्या शनिवारी कल्याणी बर्नरपाशी साबणाचं पाणी लावत होती आणि श्रद्धा कॉम्प्युटरसमोर हळदीकुंकवाची यादी घेऊन कपाळाला हात लावून बसली होती.

“वाण काय लुटू, कल्याणीताई? मागच्या वर्षी प्लास्टिकचे डबे दिले. त्यातले तीन डबे गेल्या वर्षभरात मलाच परत आले.”

“नळी लुटा,” कल्याणी वाकल्या वाकल्याच म्हणाली. “गॅसची.”

ती चेष्टेत बोलली होती. पण श्रद्धा हसली नाही. खुर्ची फिरवून तिनं विचारलं, “कितीला पडते हो?”

बद्रीनाथशेठनी खरेदीच्या भावात नळ्या दिल्या, वर एजन्सीचं नाव छापलेल्या पिशव्या फुकट दिल्या. संक्रांतीनंतरच्या रविवारी श्रद्धाच्या घरी हळदीकुंकू झालं. नारिंगी नळीचं वेटोळं, त्यावर तिळगुळाची पुडी आणि एक गुलाब. बायका आधी थबकल्या, मग हसत सुटल्या. “अगंबाई, नवीनच हो!” म्हणत सगळ्यांनी वाण पदरात घेतलं. कल्याणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिच्या घरी हळदीकुंकू नव्हतं. सासऱ्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं होतं आणि तिला त्याची कधी उणीवही वाटली नव्हती. पण जे काम पत्रकांनी झालं नाही ते या चिमूटभर हळदीनं होताना बघून तिला मनापासून गंमत वाटली.

गंमत आठवडाभर टिकली. पुढच्या सोमवारी ती बघायला गेली, तर एकाही शेगडीला नवी नळी नव्हती. वाणच ते! कोणी फडताळात जपून ठेवलं होतं, कोणी पुढच्या वर्षी द्यायला बाजूला टाकलं होतं. एकीनं तर मुलीच्या रुखवतात मांडायची म्हणून नळीला सोनेरी फीत बांधली होती. कल्याणीनं कपाळाला हात लावला. पण एक गोष्ट बदलली होती. आता दारं उघडत होती. “या की, वाण बसवायला आलात ना?” असं म्हणून बायका तिला थेट ओट्यापर्यंत नेत होत्या आणि वर चहाही विचारत होत्या. पाच दिवसांत तिनं यादीतल्या सगळ्या नळ्या स्वतःच्या हातानं बसवल्या आणि काढलेल्या नळ्या पोत्यात भरून नेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी श्रद्धाच्या घरी यादीवर शेवटची खूण करताना तिचा हात थांबला.

“प्रेमलाकाकू यात कशा नाहीत?”

श्रद्धानं वर पाहिलं. “त्या... त्यांचे मिस्टर नाहीत ना.”

“बरं, मग?”

“म्हणजे हळदीकुंकवाला...” श्रद्धाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. “ही यादी सासूबाईंच्या वहीतली. त्या नाशिकला दिरांकडे गेल्या तेव्हा देऊन गेल्या. मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, एवढंच. माझ्या लक्षातच आलं नाही.”

कल्याणीला राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तिच्या सासूबाई कांताबाई, सासऱ्यांना जाऊन दहा वर्षं झाली तरी, विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायच्या. त्यामुळे या रिवाजाचं दार कुठे बंद होतं, हे कल्याणीनं विचारलंच नव्हतं. सगळ्यांच्या घरात शिरायची वाट सापडली म्हणून ती खूश होती, आणि ज्या एका घरासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता, नेमकं तिथे ही वाट पोचतच नव्हती.

ती एक नळी घेऊन तडक तिसऱ्या मजल्यावर गेली. दार या वेळीही अर्धंच उघडलं. आतून गरम पाकाचा गोड वास आला आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, अगदी पुसट. कल्याणीच्या नाकाला तो ओळखू आला.

“काकू, एकच नळी उरलीय. बसवून देते.”

“वाण विधवेला देत नाहीत. तुम्हाला कोणी शिकवलं नाही वाटतं.”

“आमच्यात वाणच नाही, काकू. त्यामुळे कोणाला द्यायचं न् कोणाला नाही, हेही नाही.”

काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तेवढंच. “म्हणजे हा दानधर्म झाला. सगळ्यांना पाटावर बसवून द्यायचं आणि मला जिन्यात उभं राहून. नको. ठेवा तुमच्याकडेच.”

“निदान आजच्या दिवस शेगडी बंद ठेवा, खिडकी उघडा. वास येतोय.”

“हलव्याला काटा येतोय. मध्येच बंद केला तर चार दिवसांची मेहनत पाण्यात.” दार लागलं. मात्र क्षणभरानं आत खिडकी उघडल्याचा आवाज आला.

कल्याणी खाली आली ती श्रद्धाशी वाद घालायला नाही. तिनं पिशवीतून चिठ्ठ्यांचं जुनं पुस्तक काढलं, दिवाळीतली ती चिठ्ठी उघडली आणि टेबलावर ठेवली.

“ही बाईची सही, ही माझी. आठ दिवसांनी तिचं घर पेटलं. मला अशी दुसरी चिठ्ठी नकोय. काकू माझ्या हातून नळी घेणार नाहीत. तुमच्याकडून घेतील, पण बोलावलंत तर.”

श्रद्धानं चिठ्ठी दोनदा वाचली. मग चपला न घालताच ती वर गेली. कल्याणी जिन्यात खालीच थांबली, पण त्या जिन्यात कोणाचंच काही लपून राहत नाही.

“काकू, परवा रथसप्तमीला परत सगळ्यांना बोलावतेय. तुम्ही यायचं. गेल्या वेळी यादीत तुमचं नाव नव्हतं, ती चूक झाली.”

“बारा वर्षांनी चूक सापडली होय? तुमच्या कंपनीत असंच चालतं का?”

“चालतं कधीकधी,” श्रद्धा म्हणाली. “पण सापडली की दुरुस्त करावीच लागते. आणि तोवर शेगडी बंद ठेवा, तुम्हाला माझी शपथ. हलवा माझ्या गॅसवर करा, शनिवार-रविवार मी घरीच आहे.”

मग काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. “परात मोठी आहे माझी. मावते का बघून सांग.”

दोन दिवस पहिल्या मजल्यावरून पाकाचा वास येत राहिला. रथसप्तमीच्या संध्याकाळी बायका जमल्या, तेव्हा प्रेमलाकाकू सगळ्यात शेवटी आल्या. इस्त्रीची पांढऱ्या काठांची साडी, हातात वाटीभर हलवा. त्या दारात आल्या आणि खोलीतलं बोलणं थांबलं. श्रद्धा करंडा घेऊन पुढे झाली. काकूंनी एक हात कपाळापाशी नेला, तो अडवायला की डोळे झाकायला, ते कल्याणीला कळलं नाही. श्रद्धा थांबून राहिली. शेवटी काकूंनीच हात खाली घेतला. श्रद्धानं हळद लावली, कुंकू लावलं आणि नारिंगी नळीचं वेटोळं त्यांच्या पदरात घातलं. कोपऱ्यातली एक म्हातारी उठून निघून गेली. बाकीच्यांनी सरकून काकूंना जागा केली आणि कोणीतरी हलव्याच्या काट्यांचं कौतुक सुरू केलं.

“चला,” अर्ध्या तासानं काकू कल्याणीला म्हणाल्या, “तुमचं काम राहिलंय ना?”

वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच कल्याणीसमोर दार पूर्ण उघडलं. तिनं रेग्युलेटर बंद केला, चिंधी सोडली आणि जुनी नळी ओढली. ती चिंधीच्या जागी मोडली. एक तुकडा तिच्या हातात आला, दुसरा शेगडीलाच लटकत राहिला.

“काकू, हे बघा. इथून गॅस येत होता. कधीही...”

“मला ठाऊक होतं,” प्रेमलाकाकू म्हणाल्या.

कल्याणीनं मान वर केली.

“वास यायचा. गेल्या पावसाळ्यापासून. चिंधी मीच बांधली.” त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, कपाळावरचं कुंकू अजून ताजं होतं. “ही नळी ह्यांनी बसवलेली, जायच्या महिनाभर आधी. पण खरं सांगू का, त्यासाठी नाही ठेवली. खाली बायकांचं हसणं ऐकू यायचं दर वर्षी. हलवा माझा, दागिने माझे, आणि बोलावणं नाही. मग वाटायचं, असू दे. फुटली तर फुटली. कुणाचं काय अडणार आहे?”

नळी बसवायला आलेल्या बाईजवळ हे सांगावं लागतं, याचं कल्याणीला इतकं वाईट वाटलं, की तिनं हातातला तुकडा खाली ठेवला आणि काकूंचा पाकानं खरखरीत झालेला हात नुसता धरून ठेवला.

मग तिनं नवी नळी बसवली, क्लिप आवळली, रेग्युलेटर उघडून साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. तिनं काकूंनाच वाकून बघायला लावलं आणि काकूंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

चिठ्ठीवर ‘सूचना दिली’ हे शब्द छापलेलेच असत. कल्याणीनं ते खोडले आणि शेजारी लिहिलं, ‘नळी बदलली.’ काकूंनी सही केली. मग वाटीत उरलेला हलवा त्यांनी तिच्या तळहातावर ओतला.

“पुढच्या वर्षी नळीची मुदत बघायला याल ना?”

“येईन की. शेगडीही तपासायची असते दर वर्षी.”

“हळदीकुंकवाच्या दिवशी या,” काकू म्हणाल्या आणि काडी ओढून त्यांनी शेगडी पेटवली. “मी खाली असेन. किल्ली शेजारी ठेवून जाईन.”