तोंडी परीक्षेत पास झालेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि मी इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत पास झाले आहे. हसू नका. निकालाच्या कागदावर नाव नर्सताईंचं आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण आधी माझी हकिकत ऐका, मग ठरवा.

कारखान्यातून मी सुट्या भागांच्या रूपात खोक्यात बसून आले. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मला जोडलं, मागचं चाक गरगर फिरवलं आणि म्हणाला, "जा, कुणाच्या तरी कामी ये." त्याच आठवड्यात नर्सताई मला घेऊन गेल्या. घरोघर जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची, हे त्यांचं काम. कॅरियरवर औषधांची पेटी, सीटवर ताई, अशा आम्ही अकरा वर्षं हिंडलो. माझी घंटी ऐकली की अंथरुणातली माणसं उशी सरळ करून बसत. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू!

मग रंग उडाला, चेन कुरकुरू लागली. ताईंचे यजमान शिंपी. त्यांची जीभही कात्रीसारखी. "तू कोपऱ्यावर असतेस तेव्हाच मी दार उघडतो, इतकी ही ओरडते," ते म्हणत. "तुला बढती मिळाली की पहिलं काम म्हणजे हिला भंगारात काढायचं." मला फार लागायचं. तरी बढती व्हावी असं मलाही वाटे, कारण चढावर ताईंना लागणारी धाप माझ्याइतकी कुणी ऐकलेली नव्हती.

घोडं अडलं होतं इंग्रजीवर. मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिकेची जागा होती आणि तिच्यासाठी तोंडी परीक्षा. तीनदाच बसता येई. ताई दोनदा नापास झालेल्या. घरी अभ्यासाला सवड कुठली? त्या वाक्यं कागदावर लिहीत, कपड्यांच्या चिमट्याने कागद माझ्या हँडलला लावत आणि पायडल मारता मारता मोठ्याने म्हणत. पायडलच्या एका फेऱ्याला एक शब्द. अवघड शब्द चढावर सावकाश, उतारावर मात्र जीभ सुसाट. ऐकून ऐकून मीही इंग्रजी शिकले. घोटाळा एवढाच, की माझ्यावरून उतरल्या की ताईंची बोलती बंद.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला परीक्षेच्या खोलीच्या ठेंगण्या खिडकीपाशी उभं केलं. आतलं सगळं मला दिसत होतं. परीक्षक बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली. विषय होता सायकली! मी उडीच मारली असती, पण स्टँड लावलेला. आणि ताई? खुर्चीत ताठ, तोंडातून चकार शब्द नाही. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात ताईंची नजर माझ्यावर पडली. त्यांनी टेबलाची कड दोन्ही मुठींत धरली आणि टेबलाखाली त्यांचे पाय फिरू लागले. आधी सावकाश, मग लयीत. आणि शब्द आले!

त्या इंग्रजीत सांगू लागल्या: ज्या बोळात रुग्णवाहिका शिरत नाही तिथे माझी सायकल शिरते. समोरून वारा असला की मी मान खाली घालते, ती घालत नाही. ती म्हातारी झाली आहे, पण तिच्यामुळे माझा एकही रुग्ण ताटकळलेला नाही.

बाई टेबलाखाली डोकावल्या. "तुम्ही पाय का हलवताय?"

"बाई, चढ लागलाय," ताई म्हणाल्या.

"मग थांबू नका!"

ताई थांबल्या नाहीत. शेवटी बाईंनाच हसत सांगावं लागलं, "आता ब्रेक लावा. वेळ संपली." निकाल तिथल्या तिथे मिळाला. पास! घरापर्यंत ताईंनी माझी घंटी क्षणभरही गप्प ठेवली नाही.

यजमान दारातच उभे होते. "वा! आता ही खटारा—"

"तोंड सांभाळा हं," ताई म्हणाल्या. "ही माझी मास्तरीण आहे."

यजमान ओशाळले. आत जाऊन त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि माझ्यापुढे उकिडवे बसून चेनच्या एकेका कडीला तेल दिलं. त्या दिवसापासून माझी कुरकुर थांबली. आता मुख्य परिचारिका रोज माझ्यावर बसून रुग्णालयाच्या फाटकातून आत जातात, आणि पहारेकरी आम्हा दोघींना सलाम ठोकतो.

मित्रांनो, तुमच्याही दाराशी एखादी जुनी सायकल असेल. तिला तेल द्या, चाकांत हवा भरा, जाता येता तिच्याशी चार शब्द बोला. ती उलट बोलत नाही, म्हणून तिला काही येत नाही असं मात्र समजू नका.