जावईबापूंचा बूट

"दादा, दार लाव. चालू करतोय," आमचे हे मागच्या खोलीतून ओरडले.

दादांनी उठून दार लावलं. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल पायानेच सारला आणि परत खुर्चीत येऊन बसले. आत मशीनचा आवाज सुरू झाला. मी समोर बसून भाजी निवडत होते. थोड्या वेळाने दादांनी माझ्या पुढ्यातल्या ताटाकडे बोट दाखवलं.

"बघ, आली."

ताटाच्या काठावर पिठासारखी धूळ धरली होती. बंद दाराला आणि ओल्या टॉवेलला हातोहात फसवून ती बाहेर आली होती. पाठोपाठ दादांना खोकला सुरू झाला आणि मशीन बंद झालं तरी तो थांबेना.

दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ. जन्मभर सुतारकाम केलं. त्यावर घर चाललं, हे शिकले, दादांची मुलगी मार्गी लागली, आणि शेवटी फुप्फुसांनी हात टेकले. लाकडाची धूळ यापुढे कणभरसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जाऊबाई गेल्यावर त्यांना एकटं राहणं जमेना, म्हणून ते आमच्याकडे आले. आले ते नेमके लाकूड कोरायचं मशीन असलेल्या घरात.

मशीन यांचं. वीज कंपनीत लोकांचे मीटर तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. रिटायर झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, यांनी सीएनसी राउटर आणला. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, टेबलावर फळी आवळायची, की वरची मोटार आपोआप इकडून तिकडे फिरत कोरत जाते. दादांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं, जावईबापू. घरातली चांगली खोली त्याला, वेळेवर तेलपाणी त्याला, आणि आवाज चढवला तरी कुणी ब्र काढायचा नाही.

"आणि कापतोस काय, तर भुसा दाबून केलेली फळी," दादा म्हणायचे. "म्हणजे भुसा विकत आणायचा आणि कापून पुन्हा भुसाच करायचा. छोट्या, यात तुझं काय काम रे?"

छोट्या म्हणजे आमचे हे. डोक्यावर केस उरले नाहीत, पण दादांच्या तोंडी अजून छोट्याच. हे नुसते हसायचे. दादांनी काहीही म्हटलं तरी यांना हसू येतं, मी तेच म्हटलं की भांडण होतं.

त्या दिवशी खोकला ओसरल्यावर दादा म्हणाले, "रविवारी पोरीला बोलावलंय. घेऊन जाईल मला."

पुतणीचं घर म्हणजे उंचावरच्या दोन खोल्या. ती आणि तिचा नवरा दोघंही दिवसभर बाहेर. दादा तिथे खिडकीतून खालच्या गाड्या बघत बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी मशीन विकून टाकतो," हे म्हणाले.

"माझ्यापायी विकलंस तर मी रविवारची वाट बघणार नाही, आजच निघेन," दादा म्हणाले. आणि ते तसे निघालेही असते. या घराण्यात हट्ट सगळ्यांना सारखा वाटून दिलेला आहे.

म्हणजे मशीन विकायचं नाही आणि चालवायचंही नाही. राहता राहिला एकच मार्ग. धूळ उडायच्या आत जागच्या जागी धरायची. हे दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागे लागले.

जाड प्लॅस्टिकचा एक तुकडा कापून यांनी मोटारीभोवती बसवला. त्याच्या खाली कडेने दाराखाली लावायची ब्रशची पट्टी चिकटवली, बाजूला भोक पाडून नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक व्हॅक्यूम क्लीनरला. ब्रशच्या झालरीत धूळ अडेल आणि नळीतून ओढली जाईल, असा एकूण हिशेब.

"याला डस्ट शू म्हणतात," यांनी दादांना दाखवलं.

"घ्या. आता जावईबापूंना बूटसुद्धा हवेत."

पहिला बूट मोटारीलाच जखडलेला होता. मोटार खाली उतरली की ब्रश दबून फेंगडे व्हायचे आणि त्यातून धूळ पिचकारीसारखी उडायची. व्हॅक्यूमची पिशवी तर एका कामात तुडुंब भरली. मग मधे झाकणाची एक बादली आली. बादली माझी होती, मला विचारलं नव्हतं. तिच्यात हवा गरगर फिरते, भुसा तळाशी बसतो आणि पुढे फक्त हवा जाते, असं मला समजावण्यात आलं. ते खरं निघालं म्हणून मी बादलीवर पाणी सोडलं. त्यानंतर नळीचं वजन मोटारीला ओढायला लागलं आणि सरळ रेघा वेड्यावाकड्या उमटायला लागल्या. नळी रबरी दोरीने छताला टांगली. भुसा घासून तिच्यात वीज साठायची आणि ती अंगाला लागली की झटका बसायचा, म्हणून तिच्याभोवती उघडी तार गुंडाळून अर्थिंग दिलं. शेवटी बूट मोटारीवरून काढून मोटारीला इकडेतिकडे नेणाऱ्या सांगाड्याला बसवला. आता मोटार आतल्या आत खालीवर व्हायची आणि ब्रश लाकडाला टेकलेलेच राहायचे.

या सगळ्यात यांना जेवणाची शुद्ध नव्हती. माणूस पंचवीस वर्षांचा झाल्यासारखा वागत होता, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

शनिवारी सकाळी मी दाराबाहेर पुसलेलं ताट ठेवलं. चहाचा एक ट्रे कोरून होईपर्यंत मशीन चालू राहिलं. नंतर काठावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. खोलीत गेले, टेबलाखाली, खिडकीत, कपाटावर हात फिरवला, तिथेही काही नाही. रिकाम्या ताटाकडे मी आयुष्यात इतक्या कौतुकाने कधी बघितलं नव्हतं.

"दादा, या," मी हाक मारली. "आता दाराबाहेर बसायचं कारण नाही."

यांनी मशीनसमोर खुर्ची मांडली, नवी फळी आवळली आणि दुसरा ट्रे सुरू केला. दादा पुढे झुकून बघायला लागले. जरा वेळाने म्हणाले, "कापतंय ना?"

"कापतंय की."

"दिसत काही नाही."

खरंच काही दिसत नव्हतं. कटर ब्रशच्या झालरीआड, भुसा नळीत. लाकडाचा वाससुद्धा बादलीत गेला होता. फळीवरून एक काळा ब्रश गोल गोल फिरत होता, तेवढंच. दुसऱ्याच्या घरचे लग्नाचे फोटो बघताना माणूस बसतो तसे दादा शेवटपर्यंत बसले.

"छान झालंय," ते म्हणाले. "मेहनत घेतलीस."

हे 'छान' मला माहीत होतं. दुसऱ्याने केलेलं कपाट डुगडुगलं की दादा ते वापरायचे.

"मग उद्या जायची गरज नाही ना?" यांनी विचारलं.

"उद्याचं ठरलंय तसंच राहू दे." दादा उठले. "धुळीचं नाही रे छोट्या. ती तू पकडलीस. पण समोर लाकडाचं काम चाललंय आणि मी हात मांडीवर ठेवून बसलोय, हे नाही जमत मला. पोरीकडे निदान समोर काही नसेल."

मी पोस्टात काउंटरला होते. समोर आलेला माणूस काय मागणार, ते तो बोलायच्या आधी ओळखते, असा माझा तोरा. इथे मात्र मी साफ चुकले होते. मला वाटलं होतं, दादांना नुसती धूळच नको आहे. मला फार वाईट वाटलं. यांच्याकडे तर बघवेना.

आमचे हे दोन्ही ट्रे उचलून दाराकडे निघाले.

दादा दारातच होते. त्यांनी वरच्या ट्रेच्या काठावरून अंगठा फिरवला. मशीनने कोरलेल्या कडेला कायम हाताला टोचणारी बारीक कूस राहते.

"हे असंच ठेवणार?"

"नाही. अंगणात नेऊन पॉलिश पेपर मारतो."

"आण इकडे."

"दादा, पेपरची धूळ होते. मशीनपेक्षा वाईट."

मग यांनी ट्रे टेबलावर ठेवला, बुटाची नळी ओढून काढली आणि व्हॅक्यूम चालू केला.

"मार तू. मी नळी धरतो."

डॉक्टर तिथे असते तर आम्हा तिघांनाही फैलावर घेतलं असतं. मी दादांच्या तोंडाला मास्क बांधला, त्याहून जास्त काही करणं मला सुचलं नाही.

दादांनी पेपर लाकडाच्या ठोकळ्याभोवती गुंडाळला आणि ट्रेचा एक कोपरा धरला. हात पुढे गेला की नळी पुढे, मागे आला की मागे.

"अजून जवळ धर. लाकडाला लाव, लाजू नकोस."

चार हात मारले की दादांना दम लागायचा. ते थांबायचे. तेव्हा हे नळी तशीच धरून खिडकीबाहेर बघायचे, जणू यांनाच विसावा हवा होता. मग ठोकळा पुन्हा चालू. मी खोकल्याची वाट बघत होते. तो आला नाही.

कोपरा झाला तेव्हा दादांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी ट्रे माझ्यापुढे केला. कोपरा नितळ, बाकीच्या कडा खरखरीत.

"उरलेलं मी उरकतो संध्याकाळी," हे म्हणाले.

"हात लावायचा नाही," दादा मास्कमधून म्हणाले. "एका हाताचं काम आहे, दुसरा हात लागला की कळतं. दुसरा कोपरा सोमवारी घेऊ."

यांनी मान हलवली. मी पुतणीला फोन करायला उठले. दारातून वळून बघितलं, तर दादा डोळे मिटून खुर्चीत टेकले होते, आणि हे छताची रबरी दोरी सोडवून नळी खुर्चीच्या उजव्या बाजूला, बसल्या जागी हाताला येईल अशी, नव्याने बांधत होते.