एकापासून सुरू होणारी पट्टी

मी एक जुनी मोजपट्टी आहे. शिंप्याच्या गळ्यात दिवसभर लोंबते ना, तीच. मित्रांनो, माझा रंग कधीकाळी पिवळाधमक होता. आता उन्हात विसरलेल्या कागदासारखा झाला आहे.

कारखान्यात माझ्या अंगावर साठ इंच छापले, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या, आणि मी आले ती थेट मास्तरांच्या दुकानात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर, मध्ये एक पडदा. मास्तर कापड बेततात, मशीन चालवतात. काजं-बटणं त्यांच्या पत्नीकडे. गिऱ्हाइकं त्यांना काकू म्हणतात, म्हणून मीही काकूच म्हणते.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझी एक टोपी निसटली, पहिला इंच विरला आणि मास्तरांनी तो कात्रीने उडवला. दुसऱ्या कुणी मला केरात टाकलं असतं. मास्तर म्हणाले, "राहू दे, हिच्यावर माझा हात बसलाय." तेव्हापासून मी एकापासून सुरू होते आणि मास्तर प्रत्येक मापातून एक वजा करतात. आमच्याकडे एक वकीलसाहेब येतात. एकदा पोटावरचा आकडा पाहून ते दचकले.

"मास्तर, अडतीस?"

"सदतीस. हिचा पहिला इंच गेलाय."

"मग माझ्यासाठी हीच ठेवा. उपास न करता बारीक झालो."

गळ्यात राहिल्यामुळे मला माणसाचं आतलं कळतं. श्वास कुठे अडला, नाडी कधी उडाली, सगळं. गेल्या वर्षी मास्तर मापं घेता घेता उठून लघवीला जाऊ लागले. काकूंनी मागे लागून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. आधी रक्त तपासलं, मग प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीतून सुईने बारीक तुकडे काढले. आणि एका दुपारी पाकीट आलं.

मास्तरांनी ते आरशाकडे पाठ करून उघडलं. त्यातला एकच शब्द त्यांना कळला: कर्करोग. त्याखाली लिहिलं होतं, तीन अधिक तीन, सहा. मोजणी दहापर्यंत असते, एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आयुष्य मापात गेलेला माणूस तो. "दहातले सहा," ते पुटपुटले. "निम्म्याहून जास्त कापड जळालं की." माझ्याखाली त्यांची शीर धाडधाड उडत होती.

त्यांनी कागद मापांच्या वहीत सरकवला. दुसऱ्या दिवशी अकराला डॉक्टरांनी बोलावलं होतं. जायचं नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. संध्याकाळी वकीलसाहेब कोटाचं कापड घेऊन आले, तर मास्तर म्हणाले, "दुसरीकडे टाका साहेब. मला जमायचं नाही."

पडद्यामागे काकूंची सुई थांबली. तीस वर्षांत या दुकानातून कापड परत गेलं नव्हतं.

सकाळी मास्तर मला गळ्यात अडकवून पुढे आले तेव्हा वही उघडी होती, तो कागद वरच होता आणि काकू तिच्यासमोर डोळे मिटून बसल्या होत्या. प्रार्थना पुरी होईपर्यंत त्या कुणाशी बोलत नाहीत, असा त्यांचा नेम. त्या दिवशीही त्यांनी तो मोडला नाही. ओठ हलत होते, हात मांडीवर घट्ट आवळलेले. मास्तर दारातच उभे. घामाने मी त्यांच्या मानेला चिकटून गेले. इतकी लांब प्रार्थना मी कधी पाहिली नव्हती.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. "कितीला बोलावलंय?"

"अकराला. पण जाऊन काय करायचं? आकडा कळलाय."

"तुम्हाला कळला. मला कुठे कळलाय?"

"अगं, दहातले सहा..."

"चपला घाला. सहा म्हणजे काय ते डॉक्टरांनाच विचारू. माझं रागवायचं राहिलंय, ते घरी आल्यावर."

या गडबडीत मला गळ्यातून काढायचं राहूनच गेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. "हा कर्करोगच आहे, ते मी लपवत नाही," त्या म्हणाल्या. "पण दहातले सहा भाग गेले, असा त्याचा अर्थ नाही. पेशी किती बिघडलेल्या दिसतात, त्याचा हा आकडा. आणि या तपासणीत कर्करोगाला सहाच्या खालचा आकडा आम्ही बहुधा देतच नाही. सहा ही सगळ्यात खालची पायरी. बारा तुकड्यांपैकी दोनांतच सापडलाय."

काकू हळूच म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्या पट्टीसारखं. सुरुवातीचे आकडे नाहीतच."

मास्तरांचा हात माझ्या तुटक्या टोकाकडे गेला. किती तरी वेळाने त्यांनी पुरता श्वास घेतला. तरी हसले नाहीत. "मग कापून टाका ना एकदाचा."

"कापता येतो. किरणांचा उपचारही आहे. पण त्यानंतर लघवीवर ताबा राहत नाही, नवराबायकोच्या सहवासात अडचण येते, असं काहींच्या बाबतीत होतं. तुमच्यासारख्यांवर नुसतं लक्ष ठेवणं हाही एक मार्ग आहे. एमआरआय करू, सहा महिन्यांनी रक्त, वर्षभराने पुन्हा तुकडे. बदल दिसला तर उपचार. फक्त तारीख चुकवायची नाही."

"आणि तोवर हे आत घेऊन जगायचं?"

"ते सोपं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज ठरवू नका. हवं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या."

दोघं घरी परतले. काकू रागवल्याच नाहीत. दोन आठवडे विचार झाला, दुसरं मत झालं, एमआरआय झाला, आणि मास्तरांनी लक्ष ठेवण्याचा मार्ग धरला.

सहा महिन्यांनी रक्ततपासणीचं पाकीट आलं. त्यांची नाडी पुन्हा तशीच उडाली. पण त्यांनी ते फोडलं नाही. पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "अगं, चष्मा घेऊन ये." दोघांनी कागद मशीनवर पसरला. रक्तातला आकडा आधीपेक्षा किंचित वाढला होता. काकूंनी लगेच दवाखान्यात फोन लावला. एवढं थोडं वरखाली होतंच, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं उत्तर आलं. मास्तरांनी खडूने भिंतीवर तारीख लिहिली आणि मशीनवर बसले.

मित्रांनो, भीती अजून गेलेली नाही. ती आता एकट्याची नाही, इतकंच. माझे आकडेही पुसट होत चालले आहेत. देव ठेवील तितके दिवस मी या गळ्यात राहीन. तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातलं वडीलधारं माणूस सारखं उठून जात असेल तर हसू नका. ते वयामुळेही असेल, पण डॉक्टरांना दाखवू द्या. आणि कुणी पाकीट लपवताना दिसलं, तर ओरडू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "आणा इकडे, दोघं मिळून वाचू."