परातीवरची अंगठी

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा. वरवंडच्या बाजारतळावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. लिंबाखाली सुखानंदबाबा बसलेले, पुढ्यात पितळी परात. परातीत फुली काढलेली : एक रेघ कुंकवाची, ती पुण्याची, दुसरी राखेची, ती पापाची. प्रश्न मनातच विचारायचा आणि दोऱ्याला बांधलेली अंगठी आपल्याच हातानं परातीवर धरायची. अंगठी कुंकवावर झुलली की काम धर्माचं.

"जिवाला गोड तेच पुण्य! तुम्ही सुखावलात की देव सुखावला!" बाबा ओरडायचे आणि तुपाची लोटी मांडीखाली सरकवायचे.

भांडगावात माझा शब्द कुणी मोडत नाही. आठवड्यापूर्वी मीही अंगठी धरली होती. कुंकवावर अशी झुलली की लोकांनी हात जोडले. घरी येऊन सुनेला, रंभाला, सांगितलं, "देवाचा हुकूम हाय. बाळंतपण हितंच." पहिलटकरीण, सातवा महिना. ती कांदा काढायला गेली.

तिला न्यायला आलेला तिचा भाऊ ज्योतिबा, शिरूरकडं शाळामास्तर. म्हणाला, "आत्याबाई, मला तो देव दाखवा." म्हणून रंभाला घेऊन तिघं बाजारला आलो, तर लिंबाखाली बबनराव आणि खंडू, सख्खे भाऊ, एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

"अंगठी म्हनली, बांध माझा!"

"मलाबी तेच म्हनली की!"

ज्योतिबा गुरुजी हसले. "बाबा, या परातीनं आजवर कुणाला पाप सांगितलंय का?"

"आमचे भक्तच पुण्यवान!"

मी उसळले. "पाव्हणं, शाळा पोरांना शिकवा. आणा ती अंगठी. त्योच प्रश्न पुन्यांदा इचारते."

"विचारा की. फक्त डोळं बांधू द्या."

त्यांनी उपरण्यानं माझे डोळे बांधले. थोड्या वेळानं दोरा हलला, चांगला झुलायला लागला. "बगा!" मी म्हटलं. बाया फिदीफिदी हसल्या. उपरणं ओढून काढलं, तर अंगठी राखेवर झुलत होती. गुरुजींनी परात गुपचूप पाव वळसा फिरवली होती.

"कोप झाला!" बाबा किंचाळले.

"कोप कसला? परात फिरली हे आत्याबाईंना ठाऊक नव्हतं, म्हणून अंगठीलाही कळलं नाही. मनाला हवं तिकडं बोटं नकळत हलतात. दोरा ते मोठं करून दाखवतो. बाबा, आता तुमचे डोळे बांधू?"

बाबांनी तूप उचललं, परात तिथंच सोडली आणि सोलापूर रस्त्याला लागले.

"काय विचारलं होतं, आत्याबाई?" गुरुजींनी हळू विचारलं.

सगळा बाजार बघत होता. खोटं सुचलं होतं. पण मागं रंभा उभी होती. डोईवर कांद्याची पाटी, आणि ती उतरवायला मी हात लावला नव्हता.

"कांदा निघंस्तवर सून ठिवून घिऊ का, ह्ये इचारलं," मी म्हटलं. "मजूर लावाया नको. आन् सकाळचा च्या हातात मिळतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी पाटी उतरवून घेतली. "रंभे, तुला काय वाटतं गं?"

लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे मी तिला पहिल्यांदाच विचारत होते.

"मला माहेरी जायचंय, आत्याबाई."

त्याच दिवशी तिला भावाबरोबर धाडलं. बाबा लबाड होता, पण माझी बोटं काही त्यानं हलवली नाहीत. बायांनो, आपल्याला गोड लागलं म्हणून ते बरोबर होत नाही. देवाला, अंगठीला विचारू नका. ज्याच्या जिवावर आपलं सुख चाललंय, त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ऐका.