पहिल्या नंबरची अंगाई

हडपसरच्या फ्लॅटमध्ये केयूर आणि सुरुची सकाळपासून चार फोन मांडून बसले होते. लाडक्या गायिकेचा, मिहिकाचा, नवा अल्बम चारही फोनवर अखंड चालू होता. गाणं चार्टवर चढवायचं तर चाहत्यांना एवढं करावंच लागतं.

"अगं, तिची अंगाई बाराव्या नंबरवर आली!" केयूर ओरडला. "आणि तू काय सुतकी चेहरा करून बसलीयेस?"

"ही माझ्या आईची अंगाई आहे रे. तिनं माझ्यापुरती रचलेली. ती गेल्यापासून माझ्याशिवाय कुणाला ठाऊकसुद्धा नव्हती. मिहिकाला कुठून मिळाली, देव जाणे."

"मग रॉयल्टी माग."

सुरुची हसली नाही. गाणं चाळिसावर होतं तेव्हा आईचा आवाज तिला लख्ख आठवत होता. विसावर आलं तशी त्यातली घोगरी माया पुसली गेली. बारावर येता येता आईचं मध्येच थांबून श्वास घेणंही गेलं.

तिनं भराभर चारही फोन बंद केले.

"वेडी आहेस का? गावभर पोरं वाजवताहेत, तुझ्यावाचून काय अडतंय!"

खरंच अडलं नाही. दिवेलागणीला गाणं पहिलं आलं.

सुरुचीनं घट्ट डोळे मिटले. आई उशाशी बसली होती, केसांतून हात फिरवत होती. आईनं ओठ उघडले, आणि आतून मिहिका गायली.