सहा बाटल्यांचा खाऊ

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मावशींना कुणाची उपासमार बघवत नसे. तिथल्या उबदार कपाटात चपट्या बाटल्यांमधून पेशी वाढत. ज्या गुलाबी द्रवात त्या वाढत, त्याला मावशी खाऊ म्हणत. पेशींनी त्यातली साखर फस्त केली की द्रव आंबट होऊन पिवळा पडतो, हे त्यांना नऊ वर्षांत पाठ झालं होतं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी बारा बाटल्यांत सर्दीचा विषाणू सोडला आणि मंगळवारी त्या स्वतःच तापाने आडव्या झाल्या. दुपारी मावशींनी कपाट उघडलं, तर निरोगी बाटल्या गुलाबी आणि त्या बारा पिवळ्याधमक! त्यांनी लगेच फोन लावला.

"बाई, तुमची आजारी मंडळी अधाशासारखी खातायत."

"खाणारच," बाई शिंकत म्हणाल्या. "विषाणूला स्वतःचं काही करता येत नाही. तो पेशीत घुसतो आणि तिलाच राबवतो. साखर जाळ, माल आण, माझी पिल्लं घडव! मग तिची भूक वाढते."

"म्हणजे माझा धाकटा दीर. चार दिवसांसाठी आला, चार महिने झाले."

"हसवू नका, खोकला येतो. आणि बाटल्यांना हात लावू नका!"

मावशी "बरं" म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना राहवेना. दिरालाही त्या तोंडाने बोलत आणि हाताने वाढत. हातमोजे चढवून त्यांनी एकेका बाटलीत ताजा खाऊ घातला. सहा बाटल्या झाल्या आणि खाऊच संपला.

गुरुवारी बाईंनी विषाणू मोजले आणि किंचाळल्याच. सहा बाटल्यांत जेमतेम, सहांत तिप्पट! मावशींनी मान खाली घालून कबुली दिली.

"पण सहाच का?"

"खाऊ संपला ना! ज्यांना दिला त्यांच्यावर फुल्या मारल्यात. नवा खाऊ आला की आधी उरलेल्यांना द्यायचा, अन्याय नको."

बाई आधी भडकल्या, मग खुर्चीत बसल्या, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पेशीची साखर तोडली की विषाणूचीही पंचाईत होते! तोच प्रयोग त्यांनी रीतसर तीनदा केला. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

अहवालात मावशींचे आभार छापले गेले. मोठ्या साहेबांनी मुद्दाम बोलावून विचारलं, "कल्पना सुचली कशी?"

"कल्पना कसली? भूक दिसली, वाढलं."

साहेबांनी मान डोलावली, अहवालाची प्रत त्यांच्या हाती दिली आणि खाऊच्या फ्रिजची किल्ली मात्र काढून घेतली.

"आभार तुमच्याकडेच ठेवा," मावशी फुरंगटून म्हणाल्या. "माझी किल्ली द्या."