उर्वशीच्या पाठीवरचे डाग

सौंसरजवळच्या शेतात उर्वशी कापूस वेचता वेचता खाली बसली.

"बसून काय राहिली वो?" सासू मीनाबाई म्हणाली. "कंबर सगळ्यांचीच दुखते. बालाघाटच्या पोरींचेच लई लाड."

उर्वशी बालाघाटहून मजुरीला आली आणि गुणवंताशी लग्न करून इथेच राहिली. नागपूरच्या डॉक्टरांनी मणक्याचं दुखणं सांगितलं होतं. औषध आणि व्यायाम बरेच महिने चालवा म्हणाले होते. पण जे दिसत नाही आणि जातही नाही, त्या दुखण्याला त्या घरात दोनच नावं होती, सोंग नाहीतर बाहेरचं.

गुणवंता संत्र्याची गाडी घेऊन परगावी गेला, तेव्हा मीनाबाईने रामाजीला बोलावलं. गावातले बैल आणि माणसं तोच डागायचा. त्याने विळा तापवून लाल केला. सासूने उर्वशीचे पाय दाबून धरले.

"छोड दो अम्मा," उर्वशी म्हणत होती.

"ओरडू दे तिले," रामाजी म्हणाला. "बाहेरचं निघून राहिलं."

डाग चिघळले. गुणवंता परतला तेव्हा ती तापाने बरळत होती. दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही.

तिच्या आईला मीनाबाईने सांगितलं, बुखार आला होता.

तेरवीचं आमंत्रण द्यायला गुणवंता स्वतः रामाजीच्या घरी गेला. पंगतीत त्याला पुढे बसवलं, वडे वाढले.

"रामाजी, तुम्ही तिच्यासाठी काय काय केलं, सांगा सगळ्यायले."

"आता काय सांगू बाप्पा," रामाजी खूश होऊन म्हणाला. "पाठीवर डाग देल्ले, कमरेवर देल्ले. तिचं नशीबच खोटं, नाही तं माह्या हातचा बैलही उठून चालते."

दाराआड उभे राहून ऐकत असलेले दोन पोलीस आत आले. गुणवंताने सकाळीच ठाण्यात तक्रार दिली होती. रामाजीच्या हातातला वडा पानात पडला.

मीनाबाई मुलाजवळ आली. "काय करून राहिला बे? म्हाताऱ्याले जेवू तं दे. पाय तं मीच धरले होते."

"तुहं नाव बी लिहून देल्लं."

"माय हाओ मी तुही."

"तिची माय थे बसली," गुणवंता म्हणाला.

कोपऱ्यात बसलेल्या उर्वशीच्या आईला मराठी कळत नव्हती. पोलीस पाहून ती घाबरली होती. गुणवंता तिच्यासमोर बसला आणि पंगतीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "अम्मा, बुखार नहीं था. इन्होंने जलाया उसको."

पंगतीतला एकही माणूस उठला नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आपापल्या घरात रामाजी डाग देताना कुणाचे ना कुणाचे पाय धरले होते. उर्वशीची आई एकेकाचा चेहरा पाहत होती.